मागत राहणे म्हणजे हट्ट करणे का?

प्रश्न : सप्रेम सलाम. आम्ही मूळचे नगरकडचे, आता बरीच वर्षे ऐरोलीत राहतो. आमचा एकुलता एक मुलगा वडिलांशी झालेल्या भांडणानंतर घर सोडून बंगळुरूला गेला. नोकरी चांगली आहे, पण तो मंडळीत (चर्चमध्ये) जात नाही आणि आमच्याशी बोलतही नाही. मी रोज सकाळी त्याला पवित्र शास्त्रातले एक वचन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थनाही करते. आमच्या मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणतात की एकदा देवाच्या हाती सोपवल्यावर पुन्हा पुन्हा मागणे हा अविश्वास आहे. प्रार्थनागटातले एक बंधू म्हणतात की मीच कमी पडते; एकवीस दिवस उपास करून हक्काने मागायला हवे. आमचे हे म्हणतात, 'देवाला सगळे ठाऊक आहे, रोज कशाला त्याच्या मागे लागतेस?' शेजारच्या कॅथलिक ताई बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, चल म्हणून आग्रह करतात. मला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. देवापुढे नम्र राहायचे तर मी आता मागणे थांबवावे का? — एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, सलाम. तुम्हाला मिळालेले सल्ले एकमेकांच्या विरुद्ध दिसत असले, तरी त्यांतल्या पहिल्या तिघांच्या मुळाशी एकच समजूत आहे. नम्र माणूस मागत नाही आणि मागत राहणारा माणूस नम्र नसतो, अशी ती समजूत आहे. म्हणून एक जण तुम्हाला गप्प बसायला सांगतो, तर दुसरा नम्रता बाजूला ठेवून हक्क सांगायला लावतो. लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय तुम्ही अनेकदा वाचला असेल. या वेळी त्यातले पहिले दोन दाखले सलग, मध्ये न थांबता वाचा. लूकने ते एकामागोमाग एक ठेवले आहेत आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दोघांच्या शेजारात दिसते.

पहिला दाखला विधवेचा आहे. देवाला न भिणाऱ्या आणि माणसाची पर्वा न करणाऱ्या एका न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा जाते, आणि 'ही मला सतावून सोडील' एवढ्याच कारणासाठी तो तिचा न्याय करतो. ठाण्याच्या कोर्टात तारखांमागून तारखा घेतलेल्या कोणालाही हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्यातून देव त्या न्यायाधीशासारखा आहे आणि त्याला बेजार केल्याशिवाय तो हलत नाही असा अर्थ काढला जातो, तेव्हा दाखला उलटा वाचला जातो. येशूचा मुद्दा असा आहे की असा माणूसही शेवटी न्याय करतो, तर आपल्या निवडलेल्यांवर प्रीती करणारा देव करणार नाही काय? आणि दाखल्याचा शेवट उत्तराने नव्हे, तर प्रश्नाने होतो : मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? म्हणजे देव ऐकतो की नाही, ही त्या ठिकाणी शंकाच नाही. ऐकले जाईपर्यंत मागणारा टिकून राहतो की नाही, हे विचारले आहे. पुन्हा मागणे हा अविश्वास आहे असे सांगणाऱ्या बाईंना हा शेवट आदरपूर्वक दाखवायला हरकत नाही. कारण येशूच्या या बोलण्यात विश्वास आढळतो तो पुन्हा दार ठोठावणाऱ्याकडे.

याला लागून दुसरा दाखला येतो, धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोक ज्याला पापी समजत तो जकातदार यांचा. परूशाची प्रार्थना नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते, जी प्रवचनांत फारशी सांगितली जात नाही : तिच्यात मागणी एकही नाही. तो आभार मानतो, इतरांशी तुलना करतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि सर्व मिळकतीचा दशमांश देतो हे सांगतो, आणि घरी जातो. त्याला काहीही नको आहे. जकातदार मात्र दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता, ऊर बडवीत मागतो, आणि मागतो ती दया. दोघांमध्ये नम्र कोण ठरला, हे येशूनेच सांगून ठेवले आहे. मागण्यासाठी हात पसरावा लागतो, आणि पसरलेला हात आपण रिकामे आहोत याची कबुली असतो. विधवा इतक्या वेळा त्याच दारी गेली, कारण तिला दुसरे दार नव्हते. तिची चिकाटी हीच तिची नम्रता होती.

तुमच्यासारखीच एक आई मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात आहे. ती कनानी बाई आपल्या मुलीसाठी ओरडत येते, आणि येशू तिला एका शब्दानेही उत्तर देत नाही. शिष्य म्हणतात, हिला पाठवून द्या. मग जे उत्तर मिळते ते गप्प राहण्यापेक्षाही कठीण आहे : मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणे ठीक नाही. यावर ती चिडून निघून जात नाही आणि 'माझाही हक्क आहे' असेही म्हणत नाही. ती तो शब्द अंगावर घेते आणि त्यातूनच मागणी पुढे नेते : खरे आहे, प्रभू, पण कुत्रीही धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. येशूने तिचा विश्वास मोठा म्हटला. हा प्रसंग मला आजही सोपा वाटत नाही, आणि तो गुळगुळीत करून सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण हक्क न सांगताही माणूस जागचा हलत नाही असे घडू शकते, हे त्या बाईने दाखवले आहे.

आता यजमानांचा मुद्दा. देवाला सगळे ठाऊक आहे, हे त्यांचे म्हणणे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलेच आहे. तुम्ही मागण्यापूर्वी तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, असे येशूने स्वच्छ सांगितले. पण ते सांगून झाल्यावर लगेच त्याने शिष्यांना प्रार्थना शिकवली, आणि त्या प्रार्थनेत आजची भाकर आज मागायची आहे. उद्याची उद्या पुन्हा मागावी लागणार. संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या एका विधवेला प्रार्थनेविषयी लिहिलेल्या पत्रात हीच अडचण घेतली आहे, आणि त्याचे उत्तर असे की आपली इच्छा देवाला कळावी म्हणून मागायचे नसते. देव जे देऊ इच्छितो ते घेण्याजोगे आपले मन रुंद व्हावे म्हणून मागायचे असते. तुमच्या यजमानांनाही हे वाचून दाखवा. भांडण त्यांचे आणि मुलाचे झाले होते. कदाचित 'कशाला मागे लागतेस' या वाक्यामागे त्यांचे स्वतःचे दुखणे असेल.

एकच मागणी पुन्हा करण्यात उणेपणा नाही, याचा सर्वांत मोठा दाखला गेथशेमाने बागेत आहे. अटकेपूर्वी येशूने तिथे दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीन वेळा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळी त्याच शब्दांनी केली असे मत्तय मुद्दाम नोंदवतो. प्याला टळला नाही. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर पौलाने ती मागणी थांबवली. दावीद राजाने आपल्या आजारी बाळासाठी उपास करून जमिनीवर लोळण घेतली, पण बाळ गेल्याचे कळताच तो उठला, स्नान केले, परमेश्वराच्या घरी जाऊन त्याने दंडवत घातले आणि मग जेवला. उत्तर येईपर्यंत मागायचे आणि आलेले उत्तर मनाविरुद्ध असले तरी ऐकायचे, असा या सर्वांचा क्रम आहे. हट्ट असतो तिथे हा दुसरा भाग नसतो. तुम्हाला अजून 'नाही' असे उत्तर मिळालेले नाही. मुलगा जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तुमचे संदेश उघडून पाहतो. तेव्हा थांबू नका.

उपासाविषयी मात्र मी स्पष्टच लिहितो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकवीस दिवसांचा काय, एका दिवसाचाही उपास करू नका; रक्तातली साखर एकाएकी उतरली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. देवाने हे तुमच्याकडे मागितलेले नाही. आठवड्यातून दोनदा उपास करणारा दाखल्यातला गृहस्थ नीतिमान ठरून घरी गेला नाही, हे त्या बंधूंनाही ठाऊक असावे. उपास वाईट नाही, पण 'एवढे केले म्हणजे आता देवाला द्यावेच लागेल' असा हिशेब त्यात शिरला की तो प्रार्थना राहत नाही. १ राजे यांच्या अठराव्या अध्यायात हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी, एकाच डोंगरावर घडतात. बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून ओरडतात, नाचतात, अंगाला जखमा करून घेतात आणि काहीच होत नाही. त्यानंतर परमेश्वराचा संदेष्टा एलीया पावसासाठी जमिनीवर ओणवा होऊन गुडघ्यांत तोंड घालतो आणि सेवकाला समुद्राकडे पाहायला पाठवतो. सेवक परत येऊन सांगतो, काही नाही. एलीया त्याला पुन्हा पाठवतो. सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसतो. देवावर दडपण आणण्याची धडपड आणि देवाची वाट पाहण्याची चिकाटी बाहेरून सारख्या दिसू शकतात, पण एलीयाचा आवाज त्या सात खेपांत चढलेला नाही.

माहीमबद्दल थोडक्यात. सेंट मायकल चर्चमधली बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालू आहे आणि तिथे सर्व धर्मांचे लोक जातात. शेजारच्या ताई प्रेमाने बोलावत असतील, तर ठाणे आणि दादर इथे गाड्या बदलून एखाद्या बुधवारी त्यांच्याबरोबर जाऊन यायला माझी हरकत नाही. मरियेविषयी आपल्या मंडळ्यांची शिकवण वेगळी आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिथे बसून तुम्ही थेट प्रभूशी बोलू शकता. चर्चबाहेर मेणाची घरे, मेणाचे हातपाय, मेणाची बाळे विकायला असतात. माणसे काय काय मागायला येतात हे ती पाहून कळते. मात्र नऊ बुधवार पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी फोन वाजलाच पाहिजे, असे मनाशी धरू नका. कॅथलिक शिकवणही तसे सांगत नाही.

मुलासाठी रडणारी आई म्हटले की ऑगस्टीनची आई मोनिका आठवतेच. मुलगा भलत्या पंथाला लागला म्हणून ती वर्षानुवर्षे रडली. एका बिशपांनी तिच्या आग्रहाला कंटाळून शेवटी म्हटले, 'जा, इतक्या आसवांचा मुलगा नाश पावणे शक्य नाही.' हे वाक्य सर्वांना पाठ असते. त्यानंतरचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इ. स. ३८३ मध्ये ऑगस्टीन रोमला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून मोनिका कार्थेजच्या बंदराजवळच्या प्रार्थनामंदिरात रात्रभर प्रार्थना करीत राहिली, आणि तो तिला फसवून त्याच रात्री जहाजात बसला. तिची त्या रात्रीची प्रार्थना ऐकली गेली नाही. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकू लागला, आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्याने आत्मकथनात लिहिले की आईने त्या रात्री मागितलेले देवाने नाकारले, ते ती सदैव जे मागत होती ते देण्यासाठी. तुमच्या मुलाचेही असेच होईल असे मी म्हणणार नाही; कोणाच्या आयुष्याचा साचा दुसऱ्याला लावता येत नाही. पण तो बंगळुरूहून परत यावा आणि तो देवाकडे यावा, या दोन मागण्या तुमच्या मनात एकत्र गुंतल्या असतील, तर त्या वेगळ्या करून पाहा.

आणि एक विनंती. रोजचे वचन पाठवणे काही काळ थांबवा. त्याच्यापर्यंत ते वचन म्हणून पोहोचत नसून रोजचा ठपका म्हणून पोहोचत असण्याची शक्यता आहे. त्याच्यासाठी तुम्ही पहाटे उठता हेही त्याला कळवू नका. त्याऐवजी तब्येत कशी आहे, जेवणाची सोय कशी आहे, तिकडे पाऊस आहे का, असे साधे विचारा, आणि भांडणात आपल्या बाजूने काही चुकले असेल तर 'पण' न जोडता तेवढे लिहा. हन्नाने शिलो येथे मूल मागितले, तेव्हा तिचे ओठ हलत होते पण आवाज ऐकू येत नव्हता. याजक एलीला ती प्यालेली वाटली, एवढी ती प्रार्थना इतरांसाठी नव्हती. प्रार्थना करून ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही, असे शास्त्र सांगते. मूल होणे अजून दूर होते.

प्रश्न : मी घणसोलीला राहतो, महापे येथे रात्रपाळीची नोकरी करतो. मी जन्माने ख्रिस्ती नाही. एका सहकाऱ्याने दिलेले शुभवर्तमान वाचल्यापासून मी देवाला शोधतो आहे. पूर्ण मनाने शोधले की देव सापडतो, असे यिर्मयाचे वचन त्याने मला सांगितले होते. पहाटे कामावरून आल्यावर मी प्रार्थना करतो, पण कधी झोप लागते, कधी आपण भिंतीशी बोलतो आहोत असे वाटते. माझे मन पूर्ण नाही म्हणून असे होते का? आणखी किती शोधायचे? — एक वाचक, घणसोली

उत्तर : भाऊ, तुमच्या सहकाऱ्याने सांगितलेले वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले तेरावे आहे. ते भेटकार्डांवर छापतात तेव्हा त्याच्याआधीचे दहावे वचन वगळतात, आणि त्यात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेले ते पत्र आहे. लवकर सुटका होईल असे सांगणारे संदेष्टे तिथे पुष्कळ होते. यिर्मयाने मात्र लिहिले की घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी परमेश्वराची प्रार्थना करा. देवाचा शोध घेण्यासाठी परके शहर, नोकरी, भाड्याची खोली यांतून आधी सुटावे लागत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. बाहेरगावाहून येऊन नवी मुंबईत राहिलेल्या कोणालाही ते पत्र आपल्याच पत्त्यावर आल्यासारखे वाटावे.

मन पूर्ण आहे की नाही, हे तपासत बसू नका. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' अर्धे मन घेऊनच तो आला होता, ते त्याने लपवले नाही, आणि येशूने त्याला आधी विश्वास वाढवून मग ये असे सांगितले नाही. भिंतीशी बोलल्यासारखे वाटते, हेही देवालाच सांगता येते. तेराव्या स्तोत्राची सुरुवात 'हे परमेश्वरा, किती काळ?' अशीच आहे. झोपेविषयी म्हणाल, तर गेथशेमाने बागेत शिष्यही झोपले होते, आणि येशूने त्यांना आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे असे म्हटले. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने आधी झोपावे. दुपारी उठल्यावर शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचून थोडे बोललात तरी चालेल.

किती शोधायचे, याला ठरलेले माप नाही. आपल्या मराठीतच पाहायचे तर नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला, त्यानंतर सुमारे दोन वर्षे ते वाचत, शंका काढत राहिले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या घटनेचा जबर धक्का बसला. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे आपल्या वाटेने, आपल्या वेळी आल्या. एकाच घरातल्या दोन माणसांना लागलेला वेळ सारखा नाही. तुमच्या घरच्यांना याविषयी काय वाटते हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यांना अंधारात ठेवू नका आणि कोणी घाई करत असेल तर त्याला थांबायला सांगा. एखाद्या मंडळीत रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसा. नुसते ऐकून परत यायलाही कोणाची मनाई नसते.

प्रश्न : कळव्यात आमच्या सोसायटीत दर शुक्रवारी घरगुती प्रार्थना होते. एक ज्येष्ठ सद्गृहस्थ माईक घेऊन अर्धा-पाऊण तास प्रार्थना करतात. शेजाऱ्यांची तक्रार आली की 'आपण चिकाटीने प्रार्थना करतो, जगाला ते रुचत नाही' असे ते म्हणतात. त्यांना कसे सांगावे? — एक वाचक, कळवा

उत्तर : दहा-बारा माणसांच्या खोलीत माईक कशासाठी लागतो, हे मला कळलेले नाही. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभर लागत नाही, आणि जकातदाराची तर एका वाक्यात संपते. पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे मानू नका, हे येशूचे सांगणे आहे. खोलीत जाऊन दार लावून घ्या, हेही त्याचेच. शेजाऱ्यांच्या तक्रारीला छळ म्हणणे योग्य नाही. दुसऱ्या दिवशी शाळा असलेली मुले, आजारी माणसे, पहाटेची लोकल पकडणारे सगळे त्या भिंतीपलीकडे आहेत. या सद्गृहस्थांना चारचौघांत टोकू नका, त्यांच्या घरी जाऊन बोला. पुढच्या शुक्रवारी त्यांना प्रार्थनेऐवजी एखादे स्तोत्र वाचायला द्या, प्रत्येकाने दोन-तीन वाक्यांत प्रार्थना करायची असे सर्वांसाठीच ठरवा, नऊ वाजता सभा संपवा, आणि तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांकडे दोघांनी जाऊन माफी मागून या.